धर्मराज दारावर आहे

धर्मराजनं माझ्यासमोर पहिल्यांदा एका माणसाला मारलं, तेव्हा आत मारवा चालू होता.

मी शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसले होते. बाहेर एक पिऊन आलेला माणूस पायरीवर उभा राहून मोठ्यानं विचारत होता, "आत जेवण हाय का? आं? जेवण हाय का?" धर्मराज स्टुलावरून उठला. एका हातानं त्यानं त्या माणसाचं तोंड दाबलं, दुसऱ्या हातानं मानगूट धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. दोन वेळा. मग त्याला पायरीवर नीट बसवलं, नळावर हात धुतले आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसला. माझ्या पुढच्या रांगेत एकाचीही मान वळली नाही, इतकं ते मुकाट्यानं झालं.

मैफल संपल्यावर मी श्रीपतीरावांना सांगितलं. श्रीपतीराव म्हणजे आमच्या संगीत मंडळाचे अध्यक्ष. इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, गाण्यातले जाणकार. मी चिटणीस, पेशानं शाळामास्तरीण.

"सुहासिनीबाई, आत आवाज आला का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर."

भोवतीचे सगळे हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मी बाजूला उभी होते असं कुणाला वाटायला नको.

धर्मराज भुतेकर आमच्या अंबड तालुक्यातल्याच एका खेड्यातला. चार एकर कापूस, बाप आणि बापाचा आसूड, असं त्याचं लहानपण. बैल वळला नाही की बाप बैलाला मारायचा, आणि बैल दमला की पोराला. सोळाव्या वर्षी त्यानं बापाच्या हातातला आसूड धरला आणि ओढून घेतला. त्या दिवशी बाप घरासमोर सगळ्या गल्लीदेखत पडला. "तवापासून माझा हात मोकळा झाला बाई," असं त्यानं मला एकदा सांगितलं होतं. त्याच्या आवाजात ना अभिमान होता, ना पश्चात्ताप. कापसाला पाणी दिलं, असं सांगावं तसं.

लग्न झाल्यावर तो अंकुशनगरला, साखर कारखान्यापाशी राहायला गेला. उसाच्या गाड्या जिथं रांगेत थांबतात, त्या तळावर एका ठेकेदारानं त्याला राखणदार ठेवलं. हंगामात तिथं रात्रंदिवस ट्रॅक्टर उभे. नंबर मागेपुढे झाला की ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर जायचे. एकदा दोघांत कोयते निघाले. धर्मराज मध्ये पडला. एकाचा कोयता त्याच्या उजव्या दंडात दोन बोटं आत गेला. तो तसाच दंडात ठेवून त्यानं दुसऱ्या हाताच्या एका ठोशात त्या ड्रायव्हरचा जबडा मोडला. मग कोयता उपसून काढला आणि ठेकेदाराला म्हणाला, "ह्याला आधी दवाखान्यात न्या, माझं थांबन."

ही गोष्ट तालुकाभर झाली. ठेकेदार घाबरला, त्यानं ह्याला कामावरून कमी केलं. श्रीपतीरावांच्या कानावर मात्र ही गोष्ट गेली तेव्हा त्यांना हवा होता तो माणूस सापडला.

आमच्या अंबडला गाण्याची जुनी सवय आहे. दत्तजयंतीला मोठमोठे गवई गाऊन जातात, हे इथल्या पोराटोरालाही माहीत असतं. पण वर्षातून एकदाच गाणं ऐकून भागत नाही, म्हणून आम्ही दहा-पंधरा कुटुंबांनी मंडळ काढलं. जिनिंगच्या एका जुन्या गोदामाला पत्र्याच्या खाली छत लावलं, सतरंज्या आणल्या, दीडशे माणसं बसतील असं सभागृह केलं. सगळं झालं, पण सभागृह रस्त्यावर. वरात आली की तबला ऐकू यायचा नाही. निवडणूक आली की गायकच थांबून बसायचा. श्रीपतीराव फार चिडायचे. त्यांनी धर्मराजला शिपाई म्हणून आणलं. झाडायचं, सतरंज्या घालायच्या, पाणी भरायचं, आणि मैफल चालू असताना दारावर बसायचं.

दर तीन महिन्यांनी येत्या मैफिलींचं कार्ड मी लिहायची. धर्मराजला वाचता यायचं, पण तो माझ्याकडून वाचून घ्यायचा. कलाकाराचं नाव, घराणं, ह्यात त्याला गोडी नव्हती. तो एकच विचारायचा, "बाई, ह्यातलं हळू वाजवनारं कोन हाय?"

मी सांगायची. सारंगी असली, संतूर असलं, की तो दार सोडून थेट रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. मोठ्या आवाजाचा गवई असला की पायरीवर. हळू वाजणाऱ्या वाद्याच्या दिवशी रस्त्यावरून हॉर्न वाजवत गेलेल्या माणसाची काही खैर नसायची. एका टेम्पोवाल्याला त्यानं चालत्या टेम्पोतून खाली ओढलं होतं. त्या माणसाचा खांदा निखळला. टेम्पो पुढं जाऊन खांबाला लागला. आत संतूर चालू होतं, आणि ते फार सुंदर झालं, असं आम्ही सगळे नंतर म्हणत होतो.

हळूहळू आमच्यात एक वाक्य रुळलं. बाहेरगावचा कलाकार फोनवर विचारायचा, "तुमच्याकडे शांतता असते ना?" श्रीपतीराव म्हणायचे, "बिलकुल काळजी करू नका. धर्मराज दारावर आहे."

एका वर्षी गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेची वायर त्यानं विळ्यानं कापली. सात-आठ जणांनी त्याला आमच्या पायरीवर घेतलं. खुर्च्यांनी, लोखंडी पाइपानं. आम्ही आतून कडी लावली होती. दारावर तो आपटल्याचे आवाज येत होते, आणि व्यासपीठावरचे व्हायोलिनवादक डोळे मिटून वाजवत होते. कडी काढली तेव्हा तो दाराला पाठ लावून बसला होता. तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि तोंडात रक्त होतं. त्यानं श्रीपतीरावांना विचारलं, "साहेब, आत गेलं न्हाई ना कुणी?"

पुढच्या मैफिलीत आम्ही त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मीच चार वाक्यं बोलले.

त्यानंतर आठवड्याभरात त्याची बायको तुळजाबाई माझ्या घरी आली. पदरानं अर्धं तोंड झाकलं होतं. मी पदर बाजूला केला. खालचा ओठ फाटलेला, एक दात हलत होता.

"काय झालं?"

"काय व्हायचं. भाकर जळाली." ती जमिनीकडे बघत होती. "बाई, ह्यांना तिथनं काढा. कारखान्यावर व्हते तवा लोकांला मारायचे, पण घरी आले की लाज वाटायची. आता तुमी शाल दिली. आता लाजबी न्हाई वाटत."

मी तिला हळद लावली, चहा दिला, आणि श्रीपतीरावांशी बोलते असं सांगितलं. मी बोलले नाही. महिन्याभरात सारंगीची बैठक होती.

धर्मराजला एक धाकटी बहीण, साळूबाई. तिचा नवरा लवकर गेला. तिचा मुलगा माऊली. ह्या माऊलीला धर्मराजनंच वाढवलं म्हणायला हरकत नाही. ट्रॅक्टर शिकवला, पोहायला शिकवलं, शाळा बुडवली म्हणून झोडपलंही. माऊली दिसायला देखणा, हसरा, तोंडाचा गोड. चोविसाव्या वर्षी त्यानं पिकअप घेतली आणि तिच्यावर डीजे बसवला. वराती, वाढदिवस, जयंत्या. गाडीवर मागं मोठ्या अक्षरांत 'मामाचा आशीर्वाद' असं लिहून घेतलं होतं. धर्मराज ते बघून खूश झाला होता. दोघांचे धंदे एकमेकांच्या विरुद्ध जाणारे आहेत, हे कधीतरी समोर येणारच होतं.

ते आलं २०२२ च्या डिसेंबरात.

त्या वेळच्या कार्डावर तीन मैफिली होत्या. पहिली सरोद, तिसरी बासरी. मधली श्रीपतीरावांच्या मुलीची, गंधालीची. गंधाली पुण्यात शिकत होती. अंबडला तिचं हे पहिलंच गाणं. तिनं बापाकडं हट्ट धरला होता की माईक नको. पूर्वी दिवाणखान्यातल्या बैठका व्हायच्या तसं, दोन तानपुरे, सारंगी, तबला आणि साधा गळा. शंभर माणसांत स्वच्छ ऐकू आलं पाहिजे. कार्डावर मी ते मुद्दाम ठळक लिहिलं, 'ध्वनिक्षेपकाविना बैठक'. धर्मराजला वाचून दाखवलं तेव्हा त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मंग सगळंच हळू."

संध्याकाळी साडेसहाची वेळ. सहा वाजून वीस मिनिटांनी तानपुरे लागत होते आणि एकदम छताचे पत्रे थरथरू लागले. पहिल्यांदा मला वाटलं भूकंप. मग छातीत तो दणका जाणवला. मी आणि श्रीपतीराव बाहेर आलो. समोरच्या मोकळ्या जागेत डीजेची गाडी लावलेली. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मिरवणूक तिथून निघणार होती. पंचवीस-तीस पोरं गुलाल घेऊन उभी.

श्रीपतीराव त्यांच्याकडं गेले, हात जोडले. एक जण म्हणाला, "काका, परमिशन हाय आमच्याकडं. तुमच्याकडं हाय का?" दुसऱ्यानं त्यांच्या कुर्त्यावर गुलाल उधळला. श्रीपतीराव तसेच परत आले. आत गंधाली तानपुरा मांडीवर घेऊन रडकुंडीला आली होती.

तेव्हा मी म्हणाले, "धर्मराजला सांगा ना."

श्रीपतीराव त्याच्याकडं वळले. "धर्मराज, बघ."

धर्मराज जागचा हलला नाही. "साहेब, ती गाडी माझ्या भाच्याची हाय."

"मग तर उत्तमच. ऐकेल तुझं."

"साहेब, आजच्या दिवस..."

"धर्मराज." श्रीपतीरावांनी कुर्त्यावरचा गुलाल झटकला. "बघ म्हटलं ना."

आम्ही आत गेलो. मी दाराची कडी लावली.

बाहेर काय झालं ते मी पुढं धर्मराजकडून ऐकलं, माऊलीकडून ऐकलं, आणि कोर्टातही ऐकलं. तिन्हीकडं एकच होतं.

धर्मराज गाडीपाशी गेला. माऊली मागं मशिनीवर उभा होता. त्यानं वरूनच हात केला. "मामा, दहा मिन्टं! टेस्टिंग करून राह्यलो. मंग निघालोच."

"आत्ता बंद कर."

"आरं मामा, पाव्हणे यायचेत. ते आले की जल्दी हलतो इथनं."

"माऊली, बंद कर म्हनलं."

तेवढ्यात पोरांतला एक जण म्हणाला, "कोन रं हा? त्या म्हाताऱ्यांच्या दारातलं कुत्रं का?" पोरं हसली. आणि माऊलीही हसला. तो मला म्हणाला होता, "बाई, मी मामाला न्हाई हसलो. सगळे हसले म्हनून तोंड हसलं." हसता हसता त्यानं मशिनीवरचं एक बटण वर सरकवलं. आवाज वाढला.

जनरेटरशेजारी तो चालू करायचं लोखंडी हँडल पडलं होतं. धर्मराजनं ते उचललं आणि गाडीवर चढला. पहिला घाव मशिनीवर बसला. आवाज बंद झाला. माऊली ओरडला, "मामा!" आणि मशीन वाचवायला मध्ये आला. दुसरा घाव त्याच्या तोंडावर बसला. डाव्या डोळ्यावर. तो खाली पडल्यावर धर्मराजनं त्याला आणखी दोनदा मारलं. एकदा खांद्यावर, एकदा मांडीवर. मग हँडल खाली टाकलं.

मी त्याला एकदा विचारलं होतं, दुसरा घाव चुकून बसला का. वकिलानं त्याला तसंच सांगायला शिकवलं होतं.

"चुकून न्हाई बाई," तो म्हणाला. "पयला डब्ब्यावर मारला. दुसरा त्याच्यावर. त्याच्यावरच."

आत आम्हाला फक्त एवढंच कळलं, की दणका थांबला. शंभर माणसांनी एकदम श्वास सोडला. कुणीतरी हळूच म्हणालं, "धर्मराज दारावर आहे." गंधालीनं डोळे पुसले, षड्ज लावला. आणि त्या षड्जावर बाहेरून किंकाळी आली. एकच. लांब. पोराची आहे की जनावराची, हे कळू नये अशी.

सारंगीवाल्याचा गज क्षणभर थांबला. त्यानं गंधालीकडं पाहिलं. गंधालीनं बापाकडं पाहिलं. श्रीपतीरावांनी मान हलवली, चालू ठेव अशी. आणि तिनं चालू ठेवलं. पाऊण तास ती पूरिया गायली. बाहेर पळापळ, शिव्या, गाडी चालू झाल्याचा आवाज. मी दारापासून तीन हातांवर बसले होते. कडी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी उठले नाही. कुणीच उठलं नाही. शेवटी टाळ्या वाजल्या, त्यात मीही वाजवल्या.

कडी काढली तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं. रस्त्यावर गुलाल आणि त्यात ओलं काळपट. कुणाला काही विचारायच्या आत पहिला दगड आला. श्रीपतीरावांच्या कपाळाला लागला. मग दगडांचा वर्षाव. मिरवणुकीतली पोरं दुप्पट होऊन परतली होती. आम्ही बायका, म्हातारे, कलाकार सगळे मागच्या सामानाच्या खोलीत कोंबून उभे राहिलो. बाहेर खिडक्या फुटत होत्या. कुणीतरी तानपुरा व्यासपीठावर आपटला. भोपळा फुटल्याचा तो आवाज मी ओळखला. तबलजी आपल्या दोन्ही हातांवर बसला होता, हात वाचावेत म्हणून. गंधाली एकच विचारत होती, "बाहेर कोण ओरडलं होतं? मावशी, कोण ओरडलं होतं?"

धर्मराज तेव्हा तिथं नव्हता. माऊलीला त्यानंच उचललं होतं, त्याच गाडीत पुढं बसवलं होतं, आणि फुटकं मशीन मागं तसंच ठेवून जालन्याकडं गाडी हाणली होती. रस्ताभर एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं भाच्याच्या डोळ्यावर दाबून धरलेली आपली टोपी. माऊली शुद्धीवर होता. तो म्हणायचा, "मामा, हळू चालव," आणि धर्मराज हळू चालवायचा. मग तो म्हणायचा, "मामा, जल्दी चल," आणि हा वेग वाढवायचा.

डोळा वाचला नाही.

साळूबाई दवाखान्यात पोचली तेव्हा धर्मराज व्हरांड्यात उभा होता. तिनं पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारायला सुरुवात केली. चप्पल तुटली तेव्हा हातानं. हात दुखले तेव्हा भिंतीशी ठेवलेली कचऱ्याची लोखंडी बादली उचलून डोक्यात घातली. कानावरून रक्त आलं. अडवायला आलेल्या वॉर्डबॉयला धर्मराजनंच मागं सारलं. "मारू दे तिला," म्हणाला. पोलीस आले तेव्हा ती जमिनीवर बसून रडत होती आणि तो जिथं होता तिथंच उभा होता.

तिसऱ्या दिवशी मंडळाची बैठक झाली. श्रीपतीरावांच्या कपाळाला पट्टी. त्यांनी मजकूर सांगितला आणि मी माझ्या अक्षरात लिहिला. धर्मराज भुतेकर हे मंडळाचे कर्मचारी नसून केवळ साफसफाईसाठी येत असत, त्यांना कोणीही कोणतीही सूचना दिलेली नव्हती, घडल्या प्रकाराशी मंडळाचा संबंध नाही. खाली अकरा सह्या. दुसरी सही माझी. तोच मजकूर पोलिसांना दिला.

धर्मराज तीन महिने आत होता. त्याच्या जामिनाच्या अर्जासाठी तुळजाबाई माझ्याकडं आली. मला वाटलं ती भांडेल. मी तयारीही ठेवली होती. तिनं कागद पुढं केला. "तुमचं अक्षर चांगलं हाय. हितं माझं नाव लिहून द्या, मी अंगठा लावते."

मी लिहिलं. मग विचारलं, "कशी आहेस?"

"तीन म्हैने झोप लागून राह्यली बाई. दार वाजलं तरी दचकत न्हाई." तिनं कागदाची घडी घातली. "तरीबी सोडवायचंय. मानूस हाय ना तो माझा."

तो सुटून आला तेव्हा गावात त्याला कुणी काम देईना. एका दुपारी साळूबाई त्याच्या घरापुढं आली. आत गेली नाही. उन्हात उभी राहून म्हणाली, "दादा, माझ्या लेकराला एका डोळ्यानं अंधारात गाडी चालवता येत न्हाई. वराती सगळ्या संध्याकाळच्या. ड्रायव्हर पळून जातेत. गाडी तू चालव."

"माऊली काय म्हनतो?"

"त्याला इचारलं न्हाई म्या."

दुसऱ्या दिवशी धर्मराज गाडीपाशी गेला. माऊलीनं त्याला पाहिलं, जवळ आला आणि थोबाडीत मारली. मग दुसरी. मग उजव्या-डाव्या हातानं, पोरांसमोर, दम लागेस्तोवर. धर्मराजच्या नाकातून रक्त गळून शर्टावर आलं. त्यानं हात पाठीमागं बांधून धरले होते, एकानं दुसऱ्याचं मनगट घट्ट. तिथं असलेल्या एका पोरानं मला सांगितलं, मनगटावर नखं रुतून रक्त आलं होतं, इतकं घट्ट. माऊली दमला. चाकाला टेकून बसला. मग खिशातून किल्ली काढून मामाच्या पायाशी फेकली.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. श्रीपतीरावांची साक्ष झाली, लिहून दिल्याप्रमाणे. मग मला बोलावलं. मी पिंजऱ्यात उभी राहिले. समोर धर्मराज बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. त्याला माझ्याकडून काही अपेक्षाच नव्हती.

सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीला कोणी काही सांगितलं होतं का?"

"हो," मी म्हणाले. "मी म्हटलं होतं, धर्मराजला सांगा. आणि श्रीपतीराव त्याला म्हणाले, बघ."

कोर्टात हालचाल झाली. वकील थोडे गोंधळले. "म्हणजे मारायला सांगितलं?"

"नाही. एवढंच सांगितलं."

"मग ह्यात मारायचा आदेश कुठं आला?"

"आठ वर्षं आम्ही त्याला एवढंच सांगत होतो," मी म्हणाले. "आणि दर वेळी तो मारायचा. आम्हाला ते माहीत होतं. मी एकदा त्याचा सत्कारही केला."

"आधी लिहून दिलं ते?"

"ते खोटं होतं. अक्षरही माझंच आहे."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. त्यानं निकालात फार फरक पडला नाही. माऊलीनं खरं तेच सांगितलं, मामानं मारलं, दुसरा घाव डोळ्यावर बसला. धर्मराजला दोन वर्षांची शिक्षा झाली. वरच्या कोर्टात अपील आहे, तोवर तो जामिनावर आहे. माझ्यावर खोटं लिहून दिल्याबद्दल काही होईल असं वाटलं होतं, ते झालं नाही. श्रीपतीराव माझ्याशी बोलत नाहीत. गंधाली अंबडला गायली नाही पुन्हा. मंडळानं सभागृहाच्या भिंती जाड करून घेतल्या, दाराला काच आणि रबर बसवलं. मैफिली होतात. मी जात नाही.

कोर्टातून बाहेर पडताना मी धर्मराजला गाठलं. तोच म्हणाला, "बाई, तुमी कामून मधात पडल्या? हात माझा व्हता."

"तुझा होताच. पण..."

"मंग बराबर." तो एवढंच म्हणाला आणि माऊलीच्या मागं जिना उतरला. माऊली डाव्या बाजूची पायरी चुकला, तेव्हा त्यानं त्याचा दंड धरला. माऊलीनं दंड सोडवून घेतला.

ह्या मे महिन्यात माऊलीचं लग्न झालं. साळूबाईनं मला बोलावलं होतं. मंडप गच्च भरलेला. अंतरपाट धरला तेव्हा नवऱ्यामुलाच्या पाठीशी मामा उभा राहतो. तिथं साळूबाईचा एक लांबचा चुलतभाऊ काकासाहेब उभा होता, नवा फेटा बांधून. मी धर्मराजला शोधत बाहेर आले. गाडी मंडपाच्या मागं उभी होती. तो ड्रायव्हरच्या जागी बसला होता. इंजिन चालू होतं आणि घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. तुळजाबाई त्याला ताट घेऊन आली होती.

"आत बोलावलं नाही तुला?" मी विचारलं.

त्याला ऐकू आलं नाही. दोन-तीन वर्षं त्या भोंग्यांपुढं बसून त्याचे कान गेले आहेत. तुळजाबाईनं त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्यानं मान हलवली आणि जेवायला लागला.

मी तुळजाबाईला बाजूला घेतलं. "आता मारतो का ग?"

"जेलातनं आल्यावर एकदा हात उचलला." ती मंडपाकडं बघत होती. आत अक्षता पडत होत्या. "मंग म्या चुलीतलं लाकूड उचललं. जळतं. हातावर दिलं त्याच्या. वास आला, बाई, कातडीचा. दोघंबी बघत राह्यलो."

"आणि मग?"

"मंग काय. मीच लोणी लावलं." तिनं त्याच्यापुढचं ताट उचललं, त्यात बुंदीचा एक लाडू उरला होता, तो पदरात बांधला. "चला बाई, नवरीला बघून येऊ. लई लहान दिसून राह्यली."